दगड जिथे आहे तिथे : वाचकांची पत्रं

'तुमच्या रोजच्या वाटेवर एखादा जुना दगड, खांब, पाटी असेल तर कळवा' असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली, फोटोही आले. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून चौतीस वर्षं रस्त्यांवर काढली. त्यातली पहिली काही वर्षं असे दगड मला नुसते दगडच दिसायचे, पुढे ते वाचायला शिकलो. ज्या पत्रांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील ती आधी घेतो.

आमच्या गावाबाहेर, रस्त्याला लागून एक उभा दगड आहे. वर सूर्य-चंद्र, मध्ये झिजलेली अक्षरं आणि खाली गाढव आणि बाई. माझा मुलगा चौथीत आहे. 'आई, हे काय?' असं त्यानं विचारलं आणि मी त्याचा हात धरून पुढे ओढत नेलं. सासूबाई म्हणतात, तो दगड अपशकुनी आहे, तिकडे बघायचं नाही. मुलाला काय सांगू? — एक आई, अलिबाग तालुका

ताई, कोणीही ओढत नेलं असतं, मनाला लावून घेऊ नका. पण पुन्हा तिथे जा आणि मुलाला घेऊन जा.

त्या दगडाला गधेगळ म्हणतात. 'गळ' हा शब्द कानडी 'कल्लु'वरून आला, कल्लु म्हणजे दगड. कोकणात शिलाहार राजांनी असे पुष्कळ दगड रोवले. राजानं किंवा त्याच्या प्रधानानं एखाद्या देवळाला, मठाला, ब्राह्मणाला जमीन किंवा उत्पन्न दान दिलं, की त्या दानाचा दगड उभा राहायचा. सूर्य-चंद्र सांगतात, हे आकाशात आहेत तोवर दान चालू राहील. मधल्या अक्षरांत दान कोणी दिलं, कोणाला दिलं, काय दिलं ते असतं. आणि खालचं चित्र म्हणजे शाप. हे दान जो मोडील, ही जमीन जो बळकावील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल. शाप अक्षरांतही कोरलेला असतो, पण वाचता येणारी माणसं गावात किती असणार? म्हणून चित्र. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याच्या काळचा असा दगड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावरचा शाप इतक्या उघड्या मराठीत आहे की मी तो इथे लिहीत नाही, पण बाराव्या शतकातली माणसं कशी बोलत होती हे त्या एका ओळीतून कळतं.

सातबारा नव्हता, तलाठी नव्हता, कोर्ट नव्हतं तेव्हा जमिनीचा कागदही हाच आणि पहारेकरीही हाच. काही अभ्यासकांच्या मते ती बाई म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे तिचं उजाड होणं. पुण्यावर मुरार जगदेवानं गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट आपण ऐकलेली असते, ती इथे आठवते. मला स्वतःला मात्र या चित्राचा राग येतो. लबाडी कुणी करायची आणि अब्रू कुणाची जायची! हा राग मुलगा मोठा झाला की त्याच्याशी बोलून दाखवा. आज चौथीतल्या पोराला इतकंच सांगा : 'हा जमिनीचा दगडावरचा कागद आहे, आणि खाली जमीन चोरणाऱ्याला दिलेली शिवी आहे.' शिवी म्हणजे काय ते मुलांना लगेच कळतं, त्याहून जास्त समजावावं लागत नाही.

सासूबाईंना नावं ठेवू नका. त्या भीतीमुळेच हा दगड आठ-नऊशे वर्षं कुणी पायरीला लावला नाही. तुमच्याच तालुक्यात, आक्षीला, रस्त्याच्या कडेला असाच शिलाहार केसीदेवाचा लेख आहे. त्याचा काळ अनेक वर्षं शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ धरला जातो. काही अभ्यासक तो पुढे आणतात. काहीही धरलं तरी आपल्या भाषेतल्या सगळ्यांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते, आणि त्याच्या बाजूनं एसटी जाते. मुलाला एकदा तिथेही न्या.

आमच्या गावच्या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झालंय. मारुतीच्या देवळासमोर पिंपळाखाली चार कोरीव दगड आहेत, त्यांना आम्ही 'वीर' म्हणतो. दोन मत आहेत : एक म्हणतो, दगड देवळाच्या आवारात नेऊन सिमेंटच्या ओट्यात बसवू आणि ऑइलपेंट देऊ. दुसरा म्हणतो, जेसीबी येईल तेव्हा बघू. तुम्ही रस्त्यातले जाणकार, सांगा. — ग्रामपंचायत सदस्य, पुरंदर तालुका

भाऊ, दोन्ही मतं थांबवा. निदान आठ दिवस.

आधी ते दगड काय आहेत ते बघू. तुमच्या फोटोंतले तीन वीरगळ आहेत, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, आणि एक सतीशिळा. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो. शेजारी गाई असतील तर समजा की तो गावची गुरं सोडवताना मेला, आणि त्या काळी हे मरण लढाईतल्या मरणाइतकंच मोठं मानत. त्यावरच्या चौकटीत लढाई असते, ढाल, तलवार, कधी घोडा. त्यावर दोन्ही बाजूंना अप्सरा त्याला वर नेताना दिसतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर कलश. जमिनीपासून कैलासापर्यंतचा प्रवास तीन-चार चौकटींत. तुमच्या तिसऱ्या फोटोत खालची चौकट मातीत गेलेली आहे, म्हणजे तो माणूस मेला कसा हे अजून जमिनीखाली आहे. चौथ्या दगडावरचा कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात म्हणजे सतीची खूण.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, नाव तर नाहीच. मग माहिती देतं काय? जागा. गावाच्या कोणत्या अंगाला उभा आहे, कोणत्या वाटेवर आहे, कुणाकडे तोंड आहे. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळांची रांग आहे. मागे चंदन-वंदन किल्ले उभे दिसतात. तिथे उभं राहिलं की इतके वीर इथेच का पडले असतील हा प्रश्न आपोआप पडतो. तेच दगड उचलून संग्रहालयाच्या भिंतीला टेकवले तर कोरीव काम तेवढं दिसेल, प्रश्न पडणार नाही. बोरिवलीच्या एकसरला वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्ही मारणारे खलाशी एकेक दिसतात. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी ते जोडतात. आज तिथे आजूबाजूला इमारती आहेत, पण दगड किनारपट्टीच्या गावातच आहेत, म्हणून त्या जहाजांचा अर्थ लागतो.

आता माझी गोष्ट सांगतो. हे मी आजवर लिहिलेलं नाही.

१९८६ साली घाटाच्या पायथ्याला एका रस्त्याचं काम माझ्याकडे होतं. ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधायची होती. ठेकेदाराच्या माणसांनी दगड जवळूनच गोळा केला, आणि मी मोजमाप वहीत 'अनघड दगडी बांधकाम' असं लिहून घनमीटर भरले आणि सही केली. दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर मोरीची पाहणी करायला गेलो. मोरीच्या कडेच्या पंखभिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला मसाला, धुऊन गेल्या होत्या आणि सांध्यातून एक हात बाहेर आलेला दिसला. कोपरात वाकलेला, मनगटात बांगड्यांच्या पाच रेघा, तळवा उघडा. दगड आडवा बसवलेला, म्हणून हात झोपलेला. त्याच्यावर ताजं हळदकुंकू होतं. शेतावर काम करणाऱ्या एक आजी होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "आमची बाई हाय ती. पयले वर बांधाला हुती. तुमी हितं आणली, मग आमी हितं येतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण 'वर बांधाला' म्हणजे नेमकं कुठे, हे दाखवायला त्यांना जमलं नाही. बांधच रस्त्यात गेला होता. ती जागा मी पुसली, माझ्या सहीनं. ती मोरी अजून आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, आठ दिवसांत एवढं करा. दगडांवरची धूळ मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं काढा. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, साबण नको. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठही भरू नका. रात्री बॅटरी घेऊन जा आणि उजेड समोरून न पाडता दगडाच्या कडेवरून, अगदी आडवा पाडा. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या दगडावर सावल्या उभ्या राहतात, घोड्याचे पाय, धनुष्याची दोरी सगळं दिसतं. तेव्हाच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाठीमागच्या बाजूचाही. रस्त्याच्या मध्यरेषेपासून आणि देवळाच्या उंबऱ्यापासून प्रत्येक दगडाचं अंतर मोजा, तोंड कोणत्या दिशेला ते लिहा. आणि सत्तरी ओलांडलेल्या चार माणसांना वेगवेगळं बसवून विचारा : याला काय म्हणता, नारळ कधी फोडता, कुणाच्या घरचा मान? एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजाचा एकच बोलतो.

मग ग्रामसभेत ठराव करा. ठरावाची प्रत तहसीलदारांना, राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला आणि रस्त्याच्या उपअभियंत्यांना द्या. रस्त्यातला माणूस म्हणून आतली गोष्ट सांगतो : रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखंच झालं पाहिजे असं नसतं. तेवढ्या पन्नास मीटरमध्ये ते पलीकडच्या अंगाला सरकवता येतं, फक्त आखणी पक्की व्हायच्या आत सांगावं लागतं. तेही जमत नसेल तर अंदाजपत्रकात विजेचे खांब आणि पाण्याची लाइन हलवण्याची तरतूद असते, त्यातच या दगडांचं काम धरायला लावा. नाहीतर ते 'बघू'वर जातं, आणि 'बघू' म्हणजे जेसीबीचं बकेट.

हलवायचेच झाले तर चारही बाजूंनी हातानं खणा. दगडाचा बराच भाग जमिनीत असतो आणि कधी कधी लेख तिथेच असतो. गोणपाट गुंडाळून चेनपुलीनं उचला. जुन्या जागेवरून दिसेल इतक्याच अंतरावर, त्याच क्रमानं, त्याच दिशेला तोंड करून उभे करा. सिमेंटमध्ये गाडू नका, मुरूम-वाळूत ठोकून बसवा. सिमेंट दगडाला कायमचं धरतं, पुढच्या वेळी काढताना दगड तुटतो. जुन्या जागी एक साधी खूण ठेवा.

ऑइलपेंट कदापि नाही. आपला काळा दगड वरून घट्ट दिसला तरी त्याला बारीक छिद्रं असतात. रंग ती बुजवतो आणि पुढे रंग खरवडताना कोरीव कामाचा पापुद्रा सोबत निघतो. लोकांनी लावलेला शेंदूर मात्र खरवडायला जाऊ नका. ते दगड आज तुमच्यापर्यंत पोहोचलेत ते त्या शेंदुरामुळे.

नागपूरचा झिरो माइल हा भारताचा मध्यबिंदू आहे असं आम्हाला शाळेत सांगितलं. माझा मुलगा म्हणतो, ते खोटं आहे. खरं काय? — एक वाचक, नागपूर

मुलगा बरोबर आहे, पण तुमचा दगड त्यानं लहान होत नाही.

तो १९०७ साली उभारलेला, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंचीचा दगड आहे. समुद्रसपाटीपासून मोजत मोजत आणलेली उंची तिथे पक्की केली, १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग बघा! माझ्या नोकरीत लेव्हल घेताना मी मिलिमीटरसाठी भांडलो आहे, त्यामुळे हा आकडा वाचताना माझा हात कपाळाला जातो. शेजारच्या खांबावर हैदराबाद, जबलपूर, रायपूर, छिंदवाडा अशी अंतरं मैलांत आहेत, त्यावरून 'इथूनच सगळा देश मोजला' ही समजूत पसरली असावी. तिथे घोड्यांचे पुतळे आहेत, ते बघायला लोक थांबतात. थांबलेच आहेत तर तो आकडाही बघायला हवा.

आणि एक करा. हिंगणघाट तुमच्यापासून लांब नाही. हे सर्वेक्षण १८०२ साली मद्रासहून ज्यानं सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन वीस वर्षं दक्षिणेतून उत्तरेकडे मोजणीची साखळी ओढत आला आणि नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. मुलाला घेऊन आधी ती बघा आणि मग झिरो माइलला परत या.

दादरहून परळकडे चालत जाताना फूटपाथमध्ये गाडलेला एक काळा दगड दिसतो, वर रोमन आकडा. फुलवाली त्यावर टोपली ठेवते. हा कबरीचा दगड आहे का? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुंबई

नाही ग बाई, मैलाचा दगड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत असे दगड बसवले, आणि अंतर मोजलं ते फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून. १७१८ साली उघडलेलं हे चर्च आजही उभं आहे. कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे जात त्याचं नाव चर्चगेट. दरवाजा गेला, नाव लोकलच्या पाटीवर राहिलं. तुझ्या दगडावर आकड्याखाली, मातीत, 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असा इंग्रजी मजकूर असणार. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि दगड बुडत गेला. म्हणजे दगडाचं जेवढं अंग बुडालं तेवढा रस्ता वर आलाय. महापालिकेच्या वारसा विभागानं असे काही दगड वर काढून नीट बसवलेत. तुझ्या दगडाचं नेमकं ठिकाण त्यांना कळव.

फुलवालीला उठवू नकोस. तिला विचार, ती किती वर्षं बसते, तिच्या आधी कोण बसायचं. मैलाच्या दगडाशी माणसं बसतात ती पूर्वीपासून. टांगेवाला तिथे घोडा सोडायचा, हमाल ओझं टेकवायचा. आमच्या हिरव्या टोपीच्या राज्यमार्गाच्या दगडावर आणि पिवळ्या टोपीच्या राष्ट्रीय महामार्गाच्या दगडावर मी लोकांना डबा सोडून जेवताना पाहिलंय, आणि दरवेळी बरं वाटलंय.

घाटातल्या जुन्या पुलाबद्दलही पाच-सहा जणांनी विचारलंय. खंडाळ्याजवळचा तो अमृतांजन पूल १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला तेव्हाचा. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो सुरुंगानं पाडला. द्रुतगती मार्गाला त्याचे खांब अडचणीचे झाले होते, अपघात होत होते, त्यामुळे पाडण्याला माझा विरोध नव्हता. पण त्या जागी दोन्ही अंगांना दिसेल अशी एक पाटी हवी, एवढं मी अजून म्हणतो. रोज हजारो लोक तिथून जातात आणि वर काय होतं हे पुढच्या पिढीला कळणार नाही.

आम्ही नववीचे विद्यार्थी. गावच्या वेशीवरच्या वीरगळाला पाटी लावायची आहे. सरांनी परवानगी घेतली आहे. मजकूर असा लिहिला आहे : 'हे आमच्या गावच्या थोर, पराक्रमी, शूर वीराचे पवित्र स्मारक आहे. त्याने शत्रूला धूळ चारून धर्माचे रक्षण केले. हा आमचा जाज्वल्य इतिहास आहे.' बरोबर आहे का? — इयत्ता नववी, भोर तालुका

बाळांनो, तुमचा फोटो मी भिंग घेऊन बघितला. दगडावर यातलं काहीच नाही. शत्रू कोण ते नाही, धर्माचं काही नाही. दगडावर आहेत त्या गाई. मी सात मोजल्या, तुम्ही जाऊन पुन्हा मोजा. त्यांच्यामागे एक माणूस आहे, हातात ढाल. पाटीवर जे दिसतं ते लिहा, लोक जे सांगतात ते 'लोक सांगतात' म्हणून लिहा, आणि जे कळत नाही ते कळत नाही म्हणून लिहा. विशेषणं काढा. पाटी वीरगळापासून निदान दोन हात लांब, जमिनीत रोवा. दगडाला खिळा, दोरी, डिंक काही लागता कामा नये. खाली तारीख आणि 'इयत्ता नववी' घाला, म्हणजे पन्नास वर्षांनी पाटीही कुणाची ते कळेल.

मी असं लिहीन. आवडलं तर घ्या :

'हा वीरगळ आहे. खालून वर वाचावा. खाली सात गाई आणि ढाल घेतलेला एक माणूस आहे. त्याच्या वर लढाई आहे. मग दोन अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करत आहे. गावची गुरं सोडवताना हा माणूस मेला असावा. दगडावर त्याचं नाव नाही. गावात याला वीर म्हणतात. दगड पूर्वीपासून याच जागी आहे. कृपया हलवू नये, रंगवू नये.'